बँकॉक, मे महिना आणि आईचे गुडघे

मे महिन्यात बँकॉकला जाऊ नका, असं आम्हाला सगळ्यांनी सांगून झालंय. शेजारच्या काकूंनी, शाळेतल्या सहकाऱ्यांनी, कॉलेज रोडवरच्या एका टूरवाल्यानेसुद्धा. मी भूगोल शिकवते, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला चांगलंच पटतं. तरीही आम्ही, म्हणजे मी आणि माझी ७२ वर्षांची आई, मेच्या पहिल्या आठवड्यात निघतोय. शाळेला मोठी सुट्टी तेव्हाच असते आणि दिवाळीपासून सिंहस्थाची गडबड सुरू होईल. सिंहस्थात पंचवटीतलं आमचं माहेरचं घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. त्या दिवसांत आई घर सोडून कुठेही जाणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. जायचं तर आत्ताच.

दोघींचाही हा पहिला परदेश प्रवास, तोही जेमतेम चार-पाच दिवसांचा. एवढ्याशा प्रवासासाठी मी कधीपासून वही घेऊन बसलेय. त्यातलं काय ठरलं आणि का ठरलं, ते इथे लिहून ठेवते. कुणाला वयस्कर माणसाला घेऊन ऐन उन्हाळ्यात तिकडे जायचं असेल, तर उपयोगी पडेल.

आधी बँकॉकच का, ते सांगते. बँकॉकचं नाव काढलं की आपल्याकडे लोक एका ठरावीक पद्धतीने हसतात. मला त्या हसण्याचा राग येतो. त्या शहरात, राजवाड्याच्या आवारात वाट फ्रा केओ नावाचं देऊळ आहे आणि त्या देवळाभोवतीच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलेलं आहे. १७८ चित्रं, एकाला लागून एक. आईने ती नातवाच्या मोबाइलवर पाहिली. सोनेरी मुकुट, टोकदार महाल, पांढराशुभ्र हनुमान, सोनेरी अंगाचा लक्ष्मण आणि हिरवा राम. ‘आपला काळा, त्यांचा हिरवा,’ एवढंच ती म्हणाली आणि व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग तिने विचारलं, ‘यात शूर्पणखा कुठाय?’

आईचं सगळं आयुष्य काळारामाच्या मागच्या बाजूच्या गल्लीत गेलं. शूर्पणखेचं नाक कापलं, मारीच सोन्याचं हरिण होऊन आला, सीतेला रावणाने नेलं, हे सगळं घरापासून हाकेच्या अंतरावर घडलं अशा खात्रीने ती जगत आली आहे. परप्रांतातले यात्रेकरू सीतागुंफेचा रस्ता विचारायला आमच्याच ओट्यापाशी थांबतात. हीच गोष्ट इतक्या दूरच्या देशातल्या लोकांनी भिंतीवर काढून ठेवलीय म्हटल्यावर ती पाहायला जायचं, हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मी फक्त हिशेब करतेय.

ते रामायण काय आहे, हे समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले, आणि या तयारीतला सगळ्यात सुंदर वेळ तोच होता. थायलंडच्या रामायणाला रामकियन म्हणतात. अयुथ्या ही त्यांची जुनी राजधानी १७६७ मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने जाळली, त्यात पोथ्याही गेल्या. पुढे १७८२ मध्ये पहिला राम या राजाने बँकॉकला राजधानी वसवली. तट, राजवाडा, देऊळ उभं करता करता त्याने दरबारातल्या कवींना घेऊन रामायणही पुन्हा उभं केलं. ती संहिता १७९७ सालची. ओवऱ्यांतली चित्रं त्याच्याच काळात सुरू झाली. तिथल्या दमट हवेत रंग टिकत नाहीत, म्हणून ती वेळोवेळी पुन्हा रंगवली जातात. अठराव्या शतकाच्या त्याच शेवटच्या वर्षांत इकडे पंचवटीत सरदार ओढेकर काळारामाचं आजचं दगडी मंदिर बांधत होते. ही दोन बांधकामं एकाच सुमारास चालू होती, हे लक्षात आल्यावर मी आईला फोन करून सांगितलं. रात्रीचे साडेदहा वाजले होते, तरी तिने सगळं ऐकून घेतलं.

रोज संध्याकाळी मी तिला रामकियनचा थोडा थोडा सारांश वाचून दाखवते. त्यात सीता रावणाची मुलगी आहे. कुळाचा नाश करील म्हणून जन्मतःच तिला पेटीत घालून नदीत सोडतात आणि ती जनकाला सापडते. हे ऐकल्यावर आई उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी मात्र तिनेच सांगितलं की, एका कीर्तनकारांनी अद्भुत रामायणातली अशीच कथा सांगितलेली तिला आठवते, तिथेही सीता मंदोदरीच्या पोटी आलेली आहे. हनुमानाला तिकडे बायका आहेत. त्यातली एक रावणाची मत्स्यकन्या, आणि तिचा मुलगा अर्धा माकड, अर्धा मासा. ‘म्हणजे मकरध्वज,’ आई म्हणाली आणि तो प्रश्न तिच्यापुरता मिटला. बायकांचा मात्र अजून मिटलेला नाही.

तिला सगळ्यात आवडलेली गोष्ट बेन्यकाईची. बिभीषणाची ही मुलगी रावणाच्या सांगण्यावरून सीतेचं रूप घेते आणि मेल्याचं सोंग करून रामाच्या तळापाशी नदीत तरंगत येते. राम शोक करू लागतो. हनुमानाच्या मात्र लक्षात येतं की, प्रेत प्रवाहाच्या उलट दिशेने आलंय. तो म्हणतो, चितेवर ठेवून बघू. आग लागल्याबरोबर ती उडून पळते. गोदाकाठी वाढलेल्या माझ्या आईला हे फारच पटलं. नदी कुठून कुठे वाहते हे ज्याला कळतं त्याला फसवता येत नाही, असं ती परवा मावशीला फोनवर सांगत होती. आणि रामकियनमध्येही रामाची पर्णकुटी गोदावरीच्याच काठी आहे. त्यांच्या भिंतीवर आमची नदी आहे! नाशिकच्या माणसाने तिथे जायला आणखी कारण कशाला हवं?

आता उन्हाकडे येते, कारण सगळं वेळापत्रक त्यावरच बेतलंय.

‘नाशिकला ४० अंश सोसता, मग बँकॉकच्या ३५ चं काय घेऊन बसलात?’ असं माझा भाऊ म्हणाला. त्याला उत्तर द्यायला मी शाळेच्या प्रयोगशाळेतून दोन तापमापक घरी नेले. एकाच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळली, चिंधीचं टोक पाण्याच्या वाटीत सोडलं. दुसरा तसाच कोरडा ठेवला. दुपारी तीन वाजता आईच्या गच्चीवर, जिन्याच्या खोलीच्या सावलीत, दोन्ही दोरीला टांगले आणि पुठ्ठ्याने वारा घातला. कोरड्याचा पारा ३९ वर होता. ओल्याचा उतरत उतरत २१ वर थांबला. आई, दादा, वहिनी, भाचा सगळे वाकून बघत होते. मी म्हटलं, हा जो १८ अंशांचा फरक आहे ना, तो आपला बचाव आहे. माठातलं पाणी का गार होतं? पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते. घामाचं तेच. आपल्या कोरड्या हवेत घाम आला की लगेच उडतो आणि अंग निवतं.

बँकॉक समुद्राजवळ, चाओ फ्राया नदीच्या त्रिभुज प्रदेशात वसलंय, समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर वर. तिथे पारा ३५ आणि हवेत ६० टक्के आर्द्रता धरली, तर तक्त्याप्रमाणे ओला तापमापक २८ च्या पुढे थांबतो. १८ अंशांचा फरक ७ वर येतो. म्हणजे माठ भरून ठेवला तरी पाणी फारसं गार होणार नाही, आणि अंगावरून घामाच्या धारा वाहिल्या तरी अंग फारसं निवणार नाही. आणखी एक गोष्ट रात्रीची. आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपार कितीही भाजली तरी पहाटे २०-२२ पर्यंत उतरतं, गच्चीवर पांघरूण लागतं. बँकॉकला त्या दिवसांत पहाटेसुद्धा २६-२७ च्या खाली सहसा जात नाही. शरीराला रात्रीही विसावा नाही. म्हणून एसीची खोली ही चैन धरायची नाही, औषधाच्या यादीत धरायची, असं मी दादाला सांगितलं. तेव्हापासून तो गप्प आहे.

सूर्याचाही विचार केला. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळे आपली शून्य सावली २० मेच्या सुमारास. सोसायटीतल्या मुलांना मी दरवर्षी बाटली उभी करून ती दाखवते. बँकॉक पावणेचौदा अंशांवर. तिथे सूर्य एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात डोक्यावर येतो. आम्ही पोचू तेव्हा तो किंचितच सरकलेला असेल. भर दुपारी इमारतींची सावली भिंतीच्या पायाशीच गोळा झालेली असणार, फुटपाथवर ती नसणार. ‘सावलीसावलीने चालू’ हा नाशिकचा उपाय तिथे ११ नंतर चालायचा नाही.

एप्रिलमध्ये आईला घेऊन मुद्दाम दादरला मावसबहिणीकडे राहून आले. मुंबईची हवा बँकॉकच्या जरा तरी जवळची. सकाळी आठला बाहेर पडलो, फुलबाजारातून हळूहळू हिंडलो. साडेनऊपर्यंत आई प्रत्येक टोपलीपाशी भाव विचारत होती. दहाच्या सुमारास तिने भाव विचारणं सोडलं. मग बोलणंही सोडलं. मानेपाशी पोलका पूर्ण भिजलेला, चेहरा लाल, पण तोंडाने ‘मला काही होत नाही’ चालूच. मी तिला एका दुकानात पंख्याखाली बसवलं, पाणी पाजलं. अर्ध्या तासाने तिने दुकानदाराला शेवंतीचा भाव विचारला, तेव्हा मला हायसं वाटलं. या एका सकाळीवरून माप ठरलं: बाहेर दोन तास, मग थंड जागी बसणं. आणि आई बोलायची थांबली की काहीही न विचारता आत शिरायचं.

तिच्या डॉक्टरांना भेटून आलो. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, हे उन्हाच्या प्रवासाआधी विचारायलाच हवं, कारण त्याने अंगातलं पाणी आणखी कमी होतं. त्यांनी काय घ्यायचं, कधी घ्यायचं, ते लिहून दिलं. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच ठेवायच्या, सोबत इंग्रजीतली चिठ्ठी, आणि हे सगळं हातातल्या बॅगेत. ओआरएसची पाकिटं घेतलीत. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचं असतं. अर्ध्या पेल्यात ओतून प्यायचं नसतं, हे मी वहिनीलाही सांगितलं. प्रवासाचा विमा काढताना तिचा रक्तदाब आणि थायरॉइड दोन्ही लिहिले. लपवून विमा स्वस्त पडतो, पण वेळेला उपयोगी पडत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. जुलै २०२४ मध्ये थायलंडने भारतीय पर्यटकांना ६० दिवस व्हिसाशिवाय राहू द्यायचं ठरवलं. असे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी आणि निघायच्या आठवड्यात त्यांच्या दूतावासाची साइट स्वतः पाहायची, कुणाच्या फॉरवर्डवर जायचं नाही. पासपोर्ट किमान सहा महिने चालणारा हवा. १ मे २०२५ पासून तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला एक ऑनलाइन आगमनपत्र भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. सर्च केल्यावर पैसे मागणाऱ्या साइट वर दिसतात, त्यांच्या नादी लागू नये, सरकारी इमिग्रेशनचीच साइट उघडावी. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून घेतलंय. चार्जरला वेगळं काही लागत नाही, आपली दोन गोल पायांची पिन तिथे बसते.

टूरवाल्याचं पॅकेज मी नीट वाचलं होतं. पटाया, बेटावरची सफर, प्राण्यांचं उद्यान, रत्नांचं दुकान, दोन मॉल. राजवाडा एका ओळीत, ‘बाहेरून दर्शन’. तो माणूस भला आहे, त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना तेच हवं असेल. पण आम्ही ज्यासाठी चाललोय तेच बाहेरून बघायचं, हे मला मान्य होईना. मग स्वतःच आखायला बसले. आखणं म्हणजे मुख्यतः खोडणं झालं.

विमान दिवसाचं घेतलंय. मुंबईहून साडेचार तासांच्या आसपास लागतात. रात्रीचं तिकीट स्वस्त होतं, पण आईला बसून झोप लागत नाही आणि पहाटे उतरून सबंध दिवस हॉटेलची खोली मिळेपर्यंत तिला कुठे बसवायचं? नाशिकहून टॅक्सीने पहाटे निघू. इगतपुरीला समृद्धीवर चढलं की कसारा घाट टळतो. संध्याकाळी बँकॉकला उतरायचं, टॅक्सीने थेट हॉटेल, जेवण, झोप. तिथलं घड्याळ आपल्यापुढे दीड तास आहे, आणि हे आमच्या फायद्याचं आहे. आई रोज साडेचारला उठते, काकड्याची सवय. म्हणजे तिथल्या सहा वाजता ती आपोआप जागी असेल. जी सकाळ आम्हाला हवी आहे ती मिळवायला गजर लावायची गरज नाही.

हॉटेल कुठे घ्यायचं यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. मॉलच्या बाजूला, स्कायट्रेनच्या स्टेशनांजवळ छान स्वस्त खोल्या मिळतात, पण तिथून राजवाडा लांब. आम्ही साम योट या मेट्रो स्टेशनजवळ घेतलंय. तिथून पुढचं स्टेशन सनाम चाय, त्याच्या जवळच वाट फो हे देऊळ. आणि साम योटपासून फाहुरत जवळ, तिथे भारतीय कापडाची दुकानं, आपल्या जेवणाची सोय आणि मोठा गुरुद्वारा आहे. एखाद्या दुपारी काहीच जमलं नाही, तरी वरणभात मिळेल अशा अंतरावर राहायचं, ही माझी अट होती. लिफ्ट आहे, न्हाणीघरात धरायला दांडा आहे, हे फोटो मागवून पाहिलं.

पहिली पूर्ण सकाळ राजवाड्याची. तो साडेआठला उघडतो, परदेशी माणसाला तिकीट ५०० बाट, आणि दुपारी साडेतीनपर्यंतच आत सोडतात. एक बाट म्हणजे आपले अडीच-तीन रुपये. सनाम चायहून राजवाड्याचं दार चालत बरंच दूर पडतं, म्हणून त्या दिवशी मेट्रो नाही, टॅक्सीने थेट दारापर्यंत. खांदे आणि पाय झाकलेले हवेत. आईची सुती साडी त्यात उत्तम बसते. राजघराण्याच्या समारंभांसाठी कधी कधी राजवाडा बंद असतो, ते आदल्या दिवशी त्यांच्या साइटवर बघायचं. बाहेर रस्त्यात कुणी गोड बोलून ‘आज बंद आहे, चला दुसरीकडे नेतो’ म्हणालं तर ऐकायचं नाही. टुकटुकमध्ये बसवून दुकानांत फिरवण्याचा हा तिथला जुना धंदा आहे.

आत गेल्यावर लोक आधी उन्हातल्या सोनेरी स्तूपाकडे धावतात. आम्ही सरळ ओवरीत शिरणार. चित्रमालिका उत्तरेच्या दाराशी सुरू होते, जनकाला शेतात सीता सापडते तिथून, आणि उजवीकडून, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्याच दिशेने देवळाभोवती फिरते. ओवरीला छप्पर आहे. ज्यासाठी एवढ्या लांब जायचं ते सावलीत आहे, ही या सगळ्या आखणीतली सगळ्यात मोठी दिलाशाची बाब. १७८ चित्रं दोन तासांत पाहून होत नाहीत आणि आम्ही तसा प्रयत्नही करणार नाही. आईने यादी दिली आहे: सीतेचा जन्म, शूर्पणखा, सोन्याचं हरिण, सेतू, बेन्यकाई. एवढी सापडली की बसायचं. मुख्य देवळात पाचूबुद्धाची मूर्ती आहे, जेमतेम ६६ सेंटिमीटर उंच, खरं तर जेडसारख्या हिरव्या दगडाची. तिला ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा पोशाख बदलतात, उन्हाळ्याचा, पावसाळ्याचा, हिवाळ्याचा, आणि तो राजा स्वतः बदलतो. आम्ही जाऊ तेव्हा उन्हाळ्याचा असेल. आपल्याकडे उन्हाळ्यात देवाला चंदनाची उटी लावतात, त्यामुळे आईला हे मुद्दाम समजावून सांगावं लागलं नाही.

राजवाड्याच्या तिकिटात खोन नाट्याचा एक छोटा प्रयोगही धरलेला असतो, साला चालेर्मक्रुंग या १९३३ सालच्या नाट्यगृहात. खोन म्हणजे मुखवटे घालून केलेलं रामकियन. युनेस्कोने २०१८ मध्ये त्याला वारसा यादीत घेतलं. प्रयोग सुट्टीच्या दिवशी नसतात, म्हणून राजवाडा कामकाजाच्या दिवशी ठेवला. वेळा तिथेच तिकीटखिडकीवर विचारून घेणार. नाट्यगृह आमच्या हॉटेलच्या वाटेवर आहे आणि वातानुकूलित आहे. सकाळी भिंतीवर पाहिलेला हनुमान दुपारी गार खुर्चीत बसून नाचताना बघायचा, यापेक्षा चांगली दुपार मला सुचली नाही.

दुसऱ्या सकाळी वाट फो. ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, त्याच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ मंगल चिन्हं. भिंतीशी १०८ वाट्या मांडलेल्या असतात, एकेकीत नाणं टाकत जायचं. आईने त्यासाठी आत्ताच शिवलेली कापडी थैली तयार ठेवली आहे. तिथून होडीने पलीकडे वाट अरुण हे देऊळ. त्याच्या पायऱ्या फार उभ्या, त्या आम्ही चढणार नाही, खालूनच बघू. नदीवर वारा असतो, म्हणून होडीत जास्त वेळ काढायचा. तिसऱ्या सकाळी देवसथान, म्हणजे राजदरबाराच्या ब्राह्मणांचं छोटं देऊळ, आणि चौकातल्या ब्रह्मदेवाचं एरावण स्थान. खोनची दुपार सोडली, तर दररोज ११ ते ४ खोलीत. वामकुक्षी, वाचन, पत्ते. यावर भाचा म्हणाला, ‘आत्या, एवढे पैसे घालून झोपायला जाताय?’ हो, झोपायलाही.

खाण्याची काळजी सगळ्यांना वाटते, पण थोडं वाचलं तर निम्मी कमी होते. थाई स्वयंपाकात माशांचा खारट सॉस, नाम प्ला, जवळजवळ सगळ्यात असतो, भाज्यांतसुद्धा. पण तिथे ‘जे’ नावाचा शाकाहार आहे. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर दिसलं की त्या गाडीवर मांस, मासे, अंडं, दूध काहीच नाही, कांदा-लसूणही नाही. आईच्या चातुर्मासापेक्षा कडक. ते अक्षर मी कागदावर मोठं काढून तिला दिलंय, ते ती आता रोज गिरवते. शिवाय मे म्हणजे आंबा, मँगोस्टीन, रामबुतानचा मोसम, आणि नारळाच्या दुधातल्या चिकट भाताबरोबर आंबा हे तिथलं रस्त्यावरचं गोड. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि आगळ घेतोय.

गर्दी, आवाज, वाहनं, अनोळखी लिपी यांचं दडपण मला आईपेक्षा जास्त आहे. तिने पंचवटीत राहून इतके सिंहस्थ काढलेत की गर्दीचं तंत्र तिच्याकडेच शिकावं. तिचे नियम: चुकामूक झाली तर शोधत हिंडायचं नाही, जिथे आहोत तिथेच उभं राहायचं, भेटायची जागा आत शिरण्याआधी ठरवायची, पैसे दोन ठिकाणी ठेवायचे. मी त्यात भर घातली. तिच्या गळ्यात एक कार्ड असेल, त्यावर हॉटेलचं नाव-पत्ता थाई लिपीत, माझा तिथला नंबर, तिची औषधं, आणि पर्यटक पोलिसांचा ११५५. रुग्णवाहिकेचा १६६९. दोन्ही नंबर मी पाठ केलेत.

राहता राहिला अयुथ्याचा वाद. दादाचं म्हणणं, अयोध्येच्या नावाचं शहर ८० किलोमीटरवर असताना आई तिथे जाणार नाही हे कसं? आगगाडी जाते, झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक तिथेच आहे. मलाही जायचंय. पण ते सगळे विटांचे उघडे अवशेष आहेत, एकमेकांपासून लांब, आणि वर छप्पर नाही. शेवटचा दिवस मी वहीत कोरा ठेवलाय. वळवाचा पाऊस पडून आभाळ राहिलं आणि आईचे गुडघे बरे असले तर टॅक्सी करून एकच देऊळ पाहून येऊ. नाहीतर पुन्हा ५०० बाट भरून ओवरीतली राहिलेली चित्रं. आईचं मत विचारलं, तर ती म्हणाली, ‘ते त्या दिवशी सकाळी चहा पिऊन ठरवू. तू आधी माझ्या पायातल्या चपलांचं बघ.’ उद्या मेनरोडला जाऊन मागे पट्टा असलेल्या, जाड तळव्याच्या आणायच्या आहेत.